एकोणसाठ खांदे

सुनेला काही विचारायचं होतं तर तिनं स्वतःच्या तोंडानं विचारायचं. तोंड काही कुणी शिवून ठेवलं नव्हतं. सोळा वर्षं मोठ्या बाई ते तोंड ऐकत होत्या. पाणी अजून उकळलं नाही, दोरा कच्चा आलाय, ती खिडकी उघडा, ही लावा, सगळं त्या तोंडाला म्हणता येत होतं. पण आज सकाळी थेटरच्या पायऱ्या चढताना, आजूबाजूला चार परकी माणसं असताना, सिनेमाच्या कपडेपटाचा मुख्य हसत पुढं आला आणि म्हणाला, "मग बाई, सूनबाईंना नेऊ ना आम्ही? परवा निघतोय. पुढच्या सिनेमाचं सात महिन्यांचं काम आहे. त्या म्हणतात माझी तयारी आहे, पण आईंना तुम्ही विचारा." मोठ्या बाईंचा एक पाय वरच्या पायरीवर होता, दुसरा खालच्या. परवा, सात महिने, तयारी, हे तिन्ही शब्द त्यांच्या कानांवर पहिल्यांदाच पडत होते. पण आपल्याच घरातली बातमी आपल्याला बाहेरच्याकडून कळते आहे हे बाहेरच्याला कळू देणं म्हणजे भर रस्त्यात चप्पल तुटण्यासारखं. त्यांनी चेहऱ्यावरची रेघही हलू दिली नाही. "सिनेमा बघून सांगते," असं त्या म्हणाल्या, आणि म्हणाल्या अशा आवाजात की जणू महिनाभर ह्याच गोष्टीचा खल चालू आहे. मागं वळून पाहिलं तर सून भिंतीवरचं पोस्टर वाचत होती. दोन ओळींचं पोस्टर, पण सूनबाई वाचताहेत, वाचताहेत. आणि आत गेल्यावर तिनं जागा धरली ती सासूपासून तीन खुर्च्या सोडून. मधे मुलगा बसला, आईच्या शेजारी पण तोंड बायकोकडं करून, दोन देशांमधल्या चौकीवरच्या शिपायासारखा. दोन्हीकडच्यांना सलाम आणि गोळी सुटली की आधी ह्यालाच लागायची. त्याला हे माहीत होतं का, असं त्यांनी विचारलं नाही. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणापासून तो कानांनीच कबूल करत आला होता.

उत्तर तर ठरलेलंच होतं. नाही म्हणजे नाही. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? मोठ्या बाईंची बोटं गेल्या थंडीपासून ऐकेनाशी झाली होती. नवे कपडे झिजवायची वीट धरता येत होती, तारेचा ब्रश चालवता येत होता, पण कॉलरचा काठ धाग्याधाग्यानं उसवायचा, बाहीचं टोक विरवायचं, ते नाजूक काम आता सून करायची आणि त्या शेजारी उभं राहून सांगायच्या. त्यांच्या छोट्या कारखान्यातल्या चार बायका सांगितलेलं करायच्या. सून न सांगितलेलंही करायची, ह्याचा रागही होता आणि आधारही. ती गेली तर मागं उरणार काय, तर ह्यांचा आवाज. आवाजानं काही कॉलर झिजत नाही. तेव्हा सिनेमा सुरू होऊ दे, संपू दे, उजेड होऊ दे, मग त्या कपडेपटवाल्याला एका शब्दात वाटेला लावायचं, असं मनाशी पक्कं करून त्यांनी शाल गुडघ्यांवर ओढली. सिनेमासाठी काम करणाऱ्यांचा हा खास खेळ होता, सकाळचा. सुतार होते, घोडेवाले होते, दाढ्या चिकटवणारे होते. सगळे आपापलं काम बघायला आलेले. दिवे गेले.

मोठ्या बाईंना सिनेमा बघता येत नसे. तीस वर्षं त्या सिनेमाचे कपडे करत होत्या आणि पडद्यावर त्यांना कपडेच दिसत. कोण रडतं आहे, कोण कुणाला फसवतं आहे, ह्याच्याशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. रडणाऱ्याची बाही ओली होते आहे ती कोपरापर्यंत का मनगटापर्यंत, हे त्या बघत. त्यांचा धंदाच तसा होता. दुनिया जुनं टाकून नवं घेते, ह्यांच्याकडं नवं यायचं आणि जुनं होऊन जायचं. चहाच्या पाण्यात उकळून पांढऱ्याचा मळकट करायचा, गंजलेल्या खिळ्यांच्या पाण्यानं घामाचे डाग पाडायचे, खिशात दगड भरून ओला कोट आठ आठ दिवस टांगून ठेवायचा, म्हणजे खिसे माणसाच्या सवयीसारखे खाली ओघळतात. मेणानं कॉलर तेलकट करायची. विटेच्या तुकड्यानं खांदे घासायचे. आता पडद्यावर जे बारा सैनिक विमानातून उतरले, त्यांचे कपडे दुसरीकडून तयार आले होते, ते बघून बाईंनी नाक मुरडलं. धूळ वरून शिंपडलेली. घाम काखेतच, पाठीला नाहीच, म्हणजे हे गडी पाठीला पिशव्या न लावता नुसते काखा वर करून युद्धाला आले असावेत. पण गोष्ट मात्र चांगली धरत होती, हे त्यांना नको असताना जाणवत होतं. बारा माणसं, परका डोंगर, वर एक खिंड, खिंडीत शत्रू. बर्फ पडायच्या आत ती खिंड हातात यायला हवी. आणि ती एकट्यानं येत नाही, कारण डोंगर ह्यांचा नाही. डोंगर ज्यांचा आहे ती माणसं कुठंतरी वर आहेत, त्याच शत्रूशी वर्षानुवर्षं भांडताहेत, त्यांना गाठायचं आणि त्यांच्याशी हातमिळवणी करायची, असा त्या बारा जणांना हुकूम. त्यांच्या कप्तानाकडं नकाशा होता. तो नकाशा उलगडून बघायचा, डोंगराकडं बघायचा, पुन्हा नकाशाकडं. असली माणसं बाईंनी पुष्कळ पाहिली होती. कागद खरा आणि समोरचं खोटं.

मग ते आले. चेहरे दाखवलेच नाहीत कॅमेऱ्यानं, पाठी दाखवल्या. कप्तान खालून वर बघतो आहे आणि वरच्या पायवाटेवरून एकामागून एक माणसं चढत चालली आहेत, गुडघ्यापर्यंत लांब जाड लोकरीचे डगले, कमरेला दोरी, खांद्यावर बंदूक. बाईंनी आपले डगले ओळखले. साठ डगले, बावीस दिवस, दोन पिंपं चहाचं पाणी. त्या पुढं सरकल्या. पहिल्यांदा आली ती नुसती फुशारकी. बघा, ह्याला म्हणतात जुना कपडा. पाऊस खाल्लेला, ऊन खाल्लेला, बापाच्या अंगावरून लेकाच्या अंगावर आलेला. आणि मग, फुशारकी छातीत पुरती भरायच्या आत, त्यांची नजर चालीवर अडकली. पहिला गडी वळणावर गेला. डावा खांदा खाली, मान उजवीकडं किंचित कललेली, उजवा हात मोकळा, लांब झोके घेणारा. दुसरा तसाच. तिसरा तसाच. त्या पायवाटेवरून ते चालले होते. म्हणजे बाईंचे यजमान. गोदामात पोती वाहणारे, एकवीस वर्षं डाव्या खांद्यावर, तेवीस वर्षांपूर्वी गेलेले. ते एकटे नव्हते, पुढं ते, मागं ते, त्याच्या मागं ते, डोंगरभर ते. बाईंनी खुर्चीचा हात धरला. बोटं दुखली ती त्यांना कळली नाहीत. रोज संध्याकाळी गल्लीच्या टोकाला ही पाठ दिसायची. खरं तर पाठ नाही, तेव्हा ते समोरून यायचे. पाठ सकाळी दिसायची, जाताना, आणि बाई दारात उभ्या राहून बघायच्या, कामाला जाणाऱ्या माणसाकडं बघतात तशा, म्हणजे न बघता. न बघता पाहिलेलं एवढं सगळं कुठं साठून राहिलं होतं? छातीत ठोके वाजत होते, ते पडद्यावरच्या नगाऱ्याचे का आपले हे कळेना. अडुसष्टाव्या वर्षी त्यांना लाज वाटावी इतका आनंद झाला.

हा धंदा सुरू झाला तोच मुळी त्या खांद्यापासून. ते गोदामाच्या पायरीवर छातीत कळ येऊन बसले ते बसलेच, त्यानंतर दोन महिन्यांनी. तोवर बाई घरबसल्या सिनेमावाल्यांच्या बटणं लावण्याची, काठ शिवण्याची कामं करत. शेजारची एक नाटकवाली आली आणि म्हणाली, कामकऱ्याचा जुना सदरा हवा आहे, खराखुरा. खुंटीला दोन होते. त्यातला एक बाईंनी दिला. नाटकात तो रोज मारामारीत फाटायचा, रोज शिवला जायचा, शेवटी चिंध्या होऊन परत आला. तेव्हा नाटकवाले म्हणाले दुसरा द्या. तो त्यांच्यानं देववेना. मग बाजारातून नवा सदरा आणला, दुसरा सदरा शेजारी पसरला आणि वीट घेऊन बसल्या. आठ दिवस. खांदा कुठं पातळ झाला आहे, शिवण कुठं ओढली गेली आहे, पोत्याचं टोक टोचायचं तिथं विणीला कसं जाळं पडलं आहे, सगळं बोटांनी वाचून नव्यावर उतरवत गेल्या. आठव्या दिवशी दोन्ही सदरे मांडीवर घेऊन बसल्या तर कोणता कोणता ते कळेना. वास घेऊन पाहिला, तर दोन्हींना त्यांच्याच हातांचा वास. एक देऊन टाकला. कोणता दिला ह्याची खात्री त्यांना आजतागायत नव्हती. त्यानंतर भिकारी केले, कैदी केले, शेतकरी केले, जहाजावरचे खलाशी केले, सगळ्यांनी वाहवा केली की बाईंच्या कपड्यात माणूस राहून गेल्यासारखा वाटतो. हो, राहून गेलेलाच होता. एकच होता. हे त्या आता, अंधारात, पहिल्यांदा स्वतःला सांगत होत्या. तीस वर्षांचं काम म्हणतात, त्यातली शेवटची तेवीस म्हणजे एका माणसाचा डावा खांदा.

आणि सुनेनं हे सांगितलं होतं. ते आठवल्याबरोबर कानशिलं तापली. साठ डगले ओले करून, प्रत्येकाच्या डाव्या खांद्यावर वाळूची पिशवी ठेवून, दोऱ्यांवर ओळीनं टांगले होते, तेव्हा ती ओळीच्या एका टोकाला उभी राहिली आणि म्हणाली, "आई, माणसं साठ आहेत. सगळ्यांचा डावाच खांदा कसा उतरेल? कुणी मेंढ्या राखत असेल, कुणी सुतार असेल, कुणी नुसता बसून खात असेल." त्यावर मोठ्या बाईंनी वीट न थांबवता विचारलं होतं की बसून खाणारा डोंगरावर लढायला कशाला येईल गं, जेवायला? कारखान्यातल्या बायका हसल्या होत्या. सून हसली नाही, चिडलीही नाही, पिंपाखालचा जाळ सारखा करायला निघून गेली. तेव्हा बाईंना वाटलं, जिंकलो. आज पडद्यावर ती सबंध ओळ डोंगर चढत होती आणि त्यांच्या मनात दोन गोष्टी एकमेकींना ढकलत होत्या. एक म्हणत होती, सारं थेटर आता हसणार, हे काय साठ जुळे भाऊ? दुसरी म्हणत होती, हसू देत, पण कॅमेरा हलवू नका, अजून थोडं चालू द्या त्यांना.

मध्यंतरात दिवे लागले आणि कुणी हसलं नाही. कागदी पेल्यांतून चहा आला. कपडेपटवाला खुर्च्यांच्या रांगेतून आडवा चालत बाईंपाशी आला आणि म्हणाला की एक गंमत सांगायचीच राहिली. डोंगरावरचे लढवय्ये म्हणून जी माणसं घेतली होती ती तिथलीच होती, कुणी दुकानदार, कुणी ट्रक चालवणारे, बंदूक कधी हातात न धरलेले. एका निवृत्त सुभेदाराला त्यांना शिकवायला ठेवलं होतं आणि त्यानं चार दिवस ओरडून ओरडून त्यांना बंदूक उजव्या खांद्यावर टाकायला शिकवलं. मग डगले आले. डगले अंगात चढवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सगळ्यांच्या बंदुका डाव्या खांद्यावर. कुणी सांगितलं नव्हतं. डगल्याचा तो खांदाच असा खोलगट होता की पट्टा आपसूक तिथं जाऊन बसे, आणि पट्टा तिथं बसला की मान कलायची, आणि मान कलली की उजवा हात मोकळा सुटायचा. सुभेदार रडकुंडीला आला. दिग्दर्शक मात्र खूश. त्यानं सगळ्यांना सांगितलं, ह्या डोंगरातली चालच अशी आहे, बदलायची नाही. हे सांगून कपडेपटवाला स्वतःच खो खो हसला. बाईही हसल्या, चहा शालीवर सांडला. म्हणजे डगल्यांनी माणसांना चालायला शिकवलं होतं. दुकानदारांना, ट्रकवाल्यांना. जे अर्ध्या आयुष्यात आपल्या मुलाला बापासारखं चालायला शिकवता आलं नाही, ते लोकरीच्या कापडानं एका रात्रीत केलं. त्यांना हे मुलाला सांगावंसं वाटलं, त्यांनी तोंड वळवलं, तर पलीकडं सून चहा न पिता पेला दोन्ही हातांत धरून बसलेली दिसली. ती पडद्याकडं बघत होती. पडदा पांढरा होता, त्यावर काहीही नव्हतं. घाबरल्यासारखी दिसत होती. सात महिन्यांच्या उत्तराला घाबरली असेल, असं म्हणून बाईंनी मान परत फिरवली आणि मनातल्या मनात म्हणाल्या, घाबर.

मध्यंतरानंतर बारा सैनिकांना त्या लोकांच्या सरदारासमोर नेलं. एका खडकाखाली तो बसला होता. कप्तानानं दुभाष्याकरवी भाषण केलं, नकाशा पसरला. सरदारानं नकाशावर बोट ठेवून विचारलं की ह्यात वारा कुठं आहे. थेटरात हशा झाला. बाई हसल्या नाहीत. त्यांचे डोळे सरदाराच्या डाव्या खांद्यावर खिळले होते. तो खांदा सरळ होता. साधा, मळका, पण सरळ. खोलगट नाही, उतरलेला नाही, विटेचा घाव तर नाहीच. हा डगला त्यांचा नव्हता. आणि होताही, कारण कापड तेच, काठ तोच, कमरेची दोरी तीच. फक्त खांद्याऐवजी छाती आणि पोट ह्यांच्यामध्ये, दोरीच्या वर, कापड सैल पडलं होतं, झोळीसारखं, आणि तिथली लोकर गुळगुळीत झाली होती. बाहेरून नाही, आतून घासून. एका बाजूचा काठ त्यामुळं दोन बोटं वर ओढला गेला होता. एवढं बघायला बाईंना डोळ्याचं पातं लवायला लागतं तेवढाही वेळ लागला नाही. अंगातून एक ऊन लाट गेली. कधी? आपण बोटं दाखवायला दवाखान्यात गेलो त्या दिवशी. दुसरं कधी! सुनेनं वाफेवर धरून खांदा सरळ केला असेल, आणि मग बसली असेल आतल्या बाजूनं घासत. त्यांच्या हाताखालून उतरलेला डगला. त्यावरची त्यांची वीट पुसून. तोंडानं विचारायला हिला परका माणूस लागतो, आणि हातांनी करायला कुणीही लागत नाही. मध्ये बसलेल्या मुलाच्या गुडघ्यावर त्यांनी चापटी मारली. त्याचा काही दोष नव्हता, पण तो जवळ होता. "काय झालं आई?" तो पुटपुटला. त्यांनी त्याला गप्प बसायला सांगितलं, कारण पडद्यावर एक सैनिक ओढ्यात पडला होता.

तो चांगला आडदांड गडी होता, बारातला सगळ्यांत दांडगा. ओढ्यावरचा बर्फ फुटला आणि तो कमरेपर्यंत आत गेला. ओढून काढला, बूट कापून काढले, तर पाय निळे. सैनिकांच्या वैद्यानं जाळ करा म्हटलं. डोंगरवाल्यांनी हात धरले. धूर दिसला की वरून गोळे येतील. इकडं हे ओरडताहेत, तिकडं ते ओरडताहेत, एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही, बंदुका खांद्यांवरून हातात आल्या, झालं, आता हे एकमेकांनाच मारणार. बाई खुर्चीच्या टोकाला आल्या. आणि सरदार खाली बसला. त्यानं दोरी सैल केली, त्या आडदांडाचे दोन्ही पाय धरले आणि आपल्या डगल्यात घातले, पोटाशी. वरून दोरी आवळली. आणि मग आपल्या माणसांकडं वळून पहाऱ्याबद्दल काहीतरी सांगू लागला, अगदी सहज, जसं काही हे तो दर थंडीत करतो, नव्या जन्मलेल्या कोकरांना असंच आत घालून घरी आणतो, आणि कोकरू काय नि सैनिक काय. दोन दांडगे पाय त्या सैल झोळीत मावले. कापड ताणलं नाही. एक टाका ओढला गेला नाही. इतका वेळ त्या माणसाचं आयुष्यभराचं काम काय होतं ते कुणी सांगितलं नव्हतं, ते आता सगळ्यांना दिसलं. कप्तान बघत राहिला. मग सरदाराच्या शेजारी बसला, त्यानं नकाशाची घडी केली आणि ती सरदाराच्या हातात दिली. एवढीच हातमिळवणी. त्यानंतर कुणालाही दुभाष्याची गरज लागली नाही.

बाईंच्या डोळ्यांपुढं मात्र तेव्हा डोंगर नव्हता, पत्र्याची शेड होती. पंधरा वर्षांपूर्वीची थंडी, पिंपांतून वाफ, आणि पिंपापाशी उभी सून, नवऱ्याचा कोट घातलेली, कोटावरून कमरेला सुतळी बांधलेली, आणि कोटाच्या आत, पोटाशी, तीन महिन्यांची नात. आठ आठ तास. ढवळायची, गाळायची, वाळत घालायची, आणि आतलं रडायला लागलं की सुतळीच्या वरून एक हात आत जायचा. बाईंनी ते सबंध थंडीभर पाहिलं होतं. आणि त्यावर बोलल्या काय होत्या, तर नवऱ्याचा कोट वाया घालवलास म्हणून. आकार गेला त्याचा, पोटाला झोळी आली. दुसऱ्यांच्या अंगावरची चुणी न् चुणी मोजणारी बाई, आणि घरातला कोट बघितला तो वाया गेला म्हणून. सुनेनंही काही नवं शोधून काढलं नव्हतं तर. तिलाही एकच अंग ठाऊक होतं, स्वतःचं. बाईंना ह्यात कुठंतरी समाधान वाटलं, आणि पाठोपाठ असं वाटलं की हे समाधान कोतं आहे. कारण आपल्याला जे ठाऊक ते आपण साठांवर चढवलं आणि तिनं ते साठांतल्या त्या एकालाच दिलं ज्याला ते लागू होतं. मेंढ्या राखणाऱ्याला. बाकीच्या एकोणसाठांना तिनं हात लावला नव्हता. वेळ पुरला नाही म्हणून, की ते कुणाचे खांदे आहेत हे तिला ठाऊक होतं म्हणून? ती घरात आली तेव्हा ते जाऊन सात वर्षं झाली होती. तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण खुंटीवरचा तो उरलेला सदरा तिनं पुष्कळदा झटकून पुन्हा टांगला होता, न बोलता.

पुढचं सगळं धडाधड झालं. खिंडीवरचा हल्ला. कप्तानाचे कपडे बर्फात दुरून दिसायचे म्हणून त्यानं पडलेल्या एका डोंगरवाल्याचा डगला अंगावर चढवला, आणि चढवताक्षणी त्या देखण्या, राजबिंड्या माणसाचा डावा खांदा खाली गेला, मान कलली, उजवा हात सुटला. बाईंनी तोंडावर शाल धरली. असला चेहरा आणि त्याखाली ती चाल! जिवंतपणी ह्यांना कुणी देखणं म्हटलं असतं तर ते लाजून गोदामाच्या मागच्या दारानं पळाले असते. आता ते घोड्यावर होते, खडकाआड होते, सुरुंगाची वात पेटवत होते, बर्फातून पळत होते, पडत होते, उठत होते, आणि त्यांच्याबरोबर ते परके सैनिक खांद्याला खांदा लावून पळत होते, आणि सरदार सगळ्यांच्या पुढं, त्याच्या डगल्याच्या झोळीत आता काडतुसं. बाईंचे पाय फरशीवर ठेका धरत होते. त्यांनी मुलाचं मनगट इतकं घट्ट आवळलं की त्यानं दुसऱ्या हातानं ते सोडवायचा प्रयत्न केला. डावीकडनं जा, मूर्खा, डावीकडनं, असं त्या बऱ्यापैकी मोठ्यानं म्हणाल्या आणि पुढच्या रांगेतला दाढ्या चिकटवणारा वळून बघायला लागला, तर त्यालाही त्यांनी पुढं बघ म्हणून सुनावलं. शेवटची चढण सगळे मिळून चढले. वरून दोर खाली आला. एकामागून एक वर गेले, पाठीच पाठी, एकोणसाठ खाली उतरलेले खांदे आणि मधे एक सरळ. आणि त्या एका सरळ खांद्यामुळं बाकीचे, इतका वेळ एकाच माणसाच्या सावल्या वाटत होते ते, आता एका डोंगरातली साठ निरनिराळी माणसं दिसायला लागले. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. तो एक नसता तर चूक दिसली असती. खिंड पडली. नगारे वाजले. थेटरातल्या सुतारांनी आणि घोडेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाईंनी वाजवल्या नाहीत, त्यांच्या हातात अजून मुलाचं मनगट होतं.

उजेड झाला. कपडेपटवाला आलाच. त्यानं आल्या आल्या सात महिन्यांचं काढलं नाही, तो त्या डगल्यावरच घसरला. म्हणाला, पाय आत घ्यायचं मुळी लिहिलेलंच नव्हतं. सरदाराचं काम करणाऱ्या नटानं डगला घातला, आत हात घातला, आणि स्वतःच विचारलं की ही जागा कशासाठी आहे. त्यावरून तो सबंध प्रसंग सुचला. दिग्दर्शकानं खास निरोप दिला होता, की असं काम मोठ्या बाईंच्याच हातून व्हावं.

मुलानं मान खाली घातली. तीन खुर्च्या पलीकडं सून उभी राहिली होती, पिशवीचा बंद मुठीत पिळत. ती काही म्हणणार नव्हती, हे बाईंना स्पष्ट दिसलं. हा निरोप त्यांनी घेतला असता तर तिनं तो त्यांच्याजवळच राहू दिला असता, जन्मभर. मोठ्या बाई खुर्चीचा हात धरून उठल्या. बोटांतून कळ गेली. उद्यापासून ह्या बोटांचं काय करायचं, कॉलरला कुणाला बसवायचं, चौघींतली कोणती जरा डोकं चालवते, हे सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं, आणि त्याला त्यांनी तिथंच उभं राहू दिलं.

"तो माझ्या हातचा नाही," त्या कपडेपटवाल्याला म्हणाल्या. "बाकीचे माझे. तो हिचा. मला न विचारता केलाय हिनं."

मग त्या रांगेतून आडव्या चालत गेल्या. मुलगा पाय आखडून बाजूला झाला. सुनेसमोर त्या थांबल्या. ती म्हणाली, "आई, मी सांगणार होते तुम्हाला. दोन्हीही."

"डगला बदलताना विचारलं नाहीस ते बरं केलंस," मोठ्या बाई म्हणाल्या. "विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, आणि आज एकोणसाठाचे साठ झाले असते. चुकलीस ती आज सकाळी. जायचं मनात ठरलं होतं ना तुझ्या? मग माझ्याकडं माणूस कशाला पाठवलास? परवा जा. आणि तिथं गेल्यावर कुणाला विचारत बसू नकोस."